भूकंपाची वेळ आधी कळते का?

संकेत अनेक नोंदले गेले. भरवशाचा एकही ठरला नाही

- विशेष प्रतिनिधी

मंचर - कोयना खोऱ्यात जमीन थरथरली, की पुणे जिल्ह्यात एकच प्रश्न विचारला जातो : याहून मोठा धक्का येणार आहे का, आणि येणार असेल तर कधी? मंचर हे कोयनानगरपासून सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर उत्तरेला आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस घोड नदीवर डिंभे धरण आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही धरणे आहेत. कोयनेच्या भूकंपाचा संबंध तेथील जलाशयाशी जोडला गेल्यापासून धरणांच्या या पट्ट्यातही तो प्रश्न स्वाभाविक ठरतो.

विहिरीचे पाणी अचानक चढले, कुत्री रात्रभर भुंकली, मोबाइल नीट चालेना, लहान धक्के वाढले, अशा अनेक गोष्टी भूकंपाची पूर्वचिन्हे म्हणून सांगितल्या जातात. त्यांपैकी कोणत्या तपासल्या गेल्या, त्यांतून काय हाती लागले आणि महाराष्ट्राच्या भूकंपांनी याबाबत काय शिकवले, याचा हा आढावा.

भाकीत कशाला म्हणायचे?

शास्त्रीय अर्थाने भूकंपाच्या भाकितात चार गोष्टी लागतात : ठिकाण, तीव्रता, कालावधी आणि ते खरे ठरण्याची शक्यता. "येत्या काही दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात भूकंप होईल" हे विधान भाकीत ठरत नाही, कारण कोयना परिसरात लहान धक्के सतत होत असतात आणि असे विधान बहुधा खरेच निघते.

तीन शब्दांची येथे नेहमी गल्लत होते. 'भाकीत' म्हणजे ठरावीक वेळेचे निश्चित विधान. 'संभाव्यतेचा अंदाज' म्हणजे अमुक प्रदेशात पुढील काही वर्षांत अमुक तीव्रतेचा भूकंप होण्याची शक्यता किती, याचे गणित. 'तातडीचा इशारा' म्हणजे भूकंप सुरू झाल्यावर, त्याच्या लाटा दूरच्या गावी पोचण्यापूर्वी दिलेली सूचना. यांपैकी दुसरी आणि तिसरी गोष्ट आज शक्य आहे. पहिली अद्याप साधलेली नाही.

पूर्वचिन्हाची परीक्षा घ्यायची, तर नोंदवहीत चार रकाने हवेत. चिन्ह दिसले आणि भूकंप झाला, हा पहिला. चिन्ह दिसले पण भूकंप झाला नाही, हा दुसरा. भूकंप झाला पण चिन्ह दिसले नव्हते, हा तिसरा. दोन्ही नव्हते, हा चौथा. लोकांच्या आठवणीत केवळ पहिला रकाना राहतो. कुत्री अनेक रात्री भुंकतात. ज्या रात्रीनंतर भूकंप होतो तेवढीच रात्र सांगितली जाते.

कशाकशाचा शोध घेतला गेला?

भूगर्भातील खडकावर ताण वाढत जातो, तेव्हा तुटण्यापूर्वी त्यात सूक्ष्म भेगा पडतात, असे प्रयोगशाळेत दिसते. या भेगांमुळे खडक किंचित फुगतो, त्यात पाणी शिरते, भूकंपलहरींचा वेग बदलतो, अडकलेला वायू बाहेर पडतो. १९७० च्या दशकात या कल्पनेने जगभर मोठी आशा निर्माण केली. पूर्वचिन्हांचे बहुतेक शोध याच तर्कावर उभे आहेत.

रेडॉन हा त्यांतील सर्वांत परिचित संकेत. खडकातील युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू सुमारे ३.८ दिवसांत निम्मा होतो. त्यामुळे विहिरीच्या पाण्यात तो अचानक वाढला, तर खाली काही ताजे घडले असावे, असे मानता येते. ताश्कंदच्या १९६६ च्या आणि कोबेच्या १९९५ च्या भूकंपापूर्वी तो वाढल्याच्या नोंदी आहेत. मात्र पाऊस, हवेचा दाब, तापमान आणि पाण्याचा उपसा यांनीही रेडॉन बदलतो. विहिरीच्या पातळीचेही तसेच आहे.

प्राण्यांच्या बाबतीत इटलीतील एक नोंद प्रसिद्ध आहे. ६ एप्रिल २००९ रोजी लाक्विला येथे भूकंप झाला. तेथून ७४ किलोमीटरवरील एका तळ्यात योगायोगाने भेकांचा अभ्यास चालू होता. भूकंपाच्या पाच दिवस आधी बहुतेक नर भेक तळे सोडून गेले. नोंद शास्त्रशुद्ध आहे, परंतु ती एकाच तळ्याची आणि एकाच भूकंपाची आहे.

तिसरा गट विद्युतचुंबकीय संकेतांचा. भूकंपापूर्वी रेडिओ, दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या संदेशांत अडथळे येतात, हा विचार पुण्यातील भूकंपतज्ज्ञ डॉ. अरुण बापट यांनी आग्रहाने मांडला. त्याच धर्तीवर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील, म्हणजे आयनांबरातील, बदल टिपण्यासाठी फ्रान्सने २००४ मध्ये 'डिमीटर' आणि चीनने २०१८ मध्ये खास उपग्रह सोडला. या संकेताची अडचण मंचरपासून जवळच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे समजू शकते. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील क्षीण रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरी आयनांबरातून येताना विस्कटतात आणि खगोलशास्त्रज्ञांना हा परिणाम गणिताने वजा करावा लागतो. सूर्य, दिवस-रात्र आणि ऋतू यांमुळे आयनांबर सतत हलते राहते. या नेहमीच्या हालचालीतून भूकंपाचा वाटा वेगळा काढणे आजवर कोणाला खात्रीने जमलेले नाही.

अलीकडचे उदाहरण २०२३ चे. सातपेक्षा जास्त तीव्रतेच्या ९० भूकंपांच्या जीपीएस नोंदी एकत्र करून फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की भूकंपापूर्वी सुमारे दोन तास जमीन अतिसूक्ष्म प्रमाणात सरकू लागते. या निष्कर्षाने जगभर खळबळ उडाली. पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींतून उपकरणांचा सामाईक दोष काढून टाकला, तेव्हा तो संकेत नाहीसा झाला.

एक यश आणि त्यानंतरचे धक्के

वेळेवर दिलेल्या इशाऱ्याचे गाजलेले उदाहरण चीनमधील हायचेंगचे. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी तेथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवसापासून लहान धक्के झपाट्याने वाढल्याने अनेक ठिकाणी लोकांना घराबाहेर काढण्यात आले होते. सुमारे दोन हजार लोक दगावले. इशारा नसता तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

परंतु दीडच वर्षाने, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान शहर झोपेत असताना उद्ध्वस्त झाले. अधिकृत आकड्यानुसार सुमारे २ लाख ४२ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथे हायचेंगसारखे पूर्वधक्के आले नव्हते आणि कोणताही इशारा देण्यात आला नव्हता.

अमेरिकेने पद्धतशीर प्रयोग केला. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १८५७ पासून १९६६ पर्यंत सरासरी २२ वर्षांनी सहाच्या आसपास तीव्रतेचे सहा भूकंप झाले होते. त्यावरून पुढचा भूकंप १९९३ पर्यंत होईल, असे सांगून तेथे उपकरणांचे जाळे उभारले गेले. भूकंप झाला २८ सप्टेंबर २००४ रोजी. तो उपकरणांच्या अगदी मध्यभागी होऊनही कोणतेही स्पष्ट पूर्वचिन्ह नोंदले गेले नाही. जपानने तोकाई भूकंपाचे भाकीत शक्य आहे असे गृहीत धरून १९७८ मध्ये खास कायदा केला होता. २०१७ मध्ये तेथील सरकारने ते गृहीतक सोडून दिले.

किल्लारी, भातसा, पालघर

पूर्वधक्के हे सर्वांत विश्वासार्ह पूर्वचिन्ह मानले जाते. त्याची खरी कसोटी महाराष्ट्रातच लागली आहे.

ऑक्टोबर १९९२ मध्ये लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसराला एकामागून एक धक्के बसले. गावकरी घाबरले. पुढे धक्के विरळ झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे मरण पावली. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते.

किल्लारीचे १९९२ चे धक्के हे पूर्वधक्के होते, असे आज सहज म्हणता येते. त्या वेळी म्हणता आले असते का? त्यासाठी नोंदवहीचा दुसरा रकाना पाहावा लागतो. १९८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाच्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यांतील सर्वांत मोठा धक्का पाचच्या जवळ गेला आणि मालिका ओसरली. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के नोंदले गेले. त्यांतील मोठे चारच्या थोडे वर होते. किल्लारीसारखा भूकंप तेथे झाला नाही.

लहान धक्क्यांची मालिका तिन्ही ठिकाणी होती. विनाश एकाच ठिकाणी झाला. शिवाय किल्लारीतही मालिका आणि मुख्य भूकंप यांमध्ये सुमारे वर्षाचे अंतर होते. इशारा मानून हजारो कुटुंबांना वर्षभर घराबाहेर ठेवणे कोणत्याही प्रशासनाला शक्य झाले नसते. कॅलिफोर्नियातील नोंदींवरून, एका धक्क्यानंतर आठवड्याभरात त्याहून मोठा धक्का येण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे पाच आहे. कोणता धक्का त्या पाचांपैकी, हे तो बसताना ओळखण्याची खूण अद्याप सापडलेली नाही.

कोयना : भाकिताच्या सर्वांत जवळ

भाकिताच्या दिशेने भारतात सर्वांत मोठी मजल मारली गेली ती कोयनेत. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लवकरच धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे २०० जण मरण पावले आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जलाशयामुळे चाळवला गेलेला हा जगातील सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. त्यानंतर पाच वा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त आणि चार वा अधिक तीव्रतेचे दोनशेहून जास्त धक्के या भागात नोंदले गेले. १९८५ पासून वारणा जलाशय भरू लागल्यावर हालचाल दक्षिणेकडे पसरली.

भाकिताच्या अभ्यासाला हा भाग अनुकूल आहे. सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यातच धक्के होतात, ते फार खोल नसतात आणि जलाशयाची पातळी रोज मोजली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने (एनजीआरआय) भूजलाचा दाब मोजण्यासाठी येथे २१ विंधन विहिरी घेतल्या आणि २००५ पासून धक्क्यांचे तात्काळ विश्लेषण सुरू केले. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की चारच्या आसपासच्या धक्क्यापूर्वी काही तास वा काही दिवस अतिलहान धक्के एका मर्यादित जागी एकवटू लागतात. या आधारे १६ मे २००६ रोजी, पंधरा दिवसांत चारच्या आसपास तीव्रतेचा धक्का येईल, असा अंदाज बांधला गेला. २१ मे रोजी ४.२ तीव्रतेचा धक्का बसला.

हे यश खरे आहे. त्याच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. चार तीव्रतेचा धक्का क्वचितच हानी करतो. तीव्रता एका अंकाने वाढली, की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे १९६७ चा भूकंप आणि असा धक्का यांत हजारो पटींचे अंतर आहे. छोट्या पट्ट्यातील ही पद्धत दुसरीकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. भूकंप जेथे जन्मतो तेथील खडक प्रत्यक्ष पाहण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे खास प्रयोगशाळा उभारली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे चाचणी विवर पूर्ण झाले. खडकातील ताण, तापमान आणि पाणी यांची माहिती त्यातून मिळत आहे.

डिंभे, माणिकडोहचे काय?

धरण बांधले म्हणजे भूकंप होतोच, असे नाही. महाराष्ट्रात मोठी धरणे शेकड्यांनी आहेत. जलाशयामुळे भूकंप चाळवल्याची ठळक उदाहरणे मोजकीच आहेत. त्यासाठी जमिनीखाली आधीच ताणलेला भ्रंश, म्हणजे खडकातील सरकू शकणारी भेग, असावा लागतो. पाणी झिरपून तेथील दाब वाढवते आणि अडकलेला भ्रंश सुटतो. जलाशय ताण निर्माण करत नाही. साचलेला ताण मोकळा होण्याची वेळ तो अलीकडे आणतो. राज्यातील धरणांजवळच्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदींचे विश्लेषण नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था ('मेरी') करते. एखाद्या जलाशयाभोवती धक्के वाढू लागले, तर ते प्रथम अशा नोंदींतच दिसते.

खोट्या इशाऱ्याची किंमत

"चुकले तर चुकले, इशारा द्यायला काय हरकत आहे?" असे अनेकदा विचारले जाते. लाक्विलाच्या घटनेत याचे उत्तर आहे. तेथे भूकंपापूर्वी कित्येक महिने लहान धक्के चालू होते. एका तंत्रज्ञाने रेडॉनच्या आधारे इशारा दिला. तो शेजारच्या सुल्मोना गावासाठी होता आणि तेथे तेव्हा काही घडले नाही. लोक धास्तावले. त्यांना शांत करण्यासाठी अधिकाऱ्यांकडून दिलासा देण्यात आला. आठवड्याभरात खुद्द लाक्विलात भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. चुकीचा इशारा आणि चुकीचा दिलासा, दोन्ही महाग पडले. यानंतर इटलीने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये निष्कर्ष दिला, की येऊ घातलेला मोठा भूकंप खात्रीने ओळखणारे एकही पूर्वचिन्ह आजवर सापडलेले नाही.

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी भूकंप झाल्यावर एका डच हौशी अभ्यासकाचा तीन दिवस आधीचा संदेश जगभर फिरला. त्यात ठिकाण आणि तीव्रता जुळत होती. वेळ मात्र "आज ना उद्या" एवढीच होती. भूकंपप्रवण प्रदेशाबद्दल असे विधान कधीही करता येते.

मंचरला किती सेकंद मिळतील?

भूकंप सुरू झाल्यावर प्रथम वेगवान पण सौम्य प्राथमिक लहरी निघतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर असतो. जास्त हानी करणाऱ्या दुय्यम लहरी सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येतात. कोयनेतील दुय्यम लहरींना पुण्यात पोचायला साधारण ३५ आणि मंचरला ५० सेकंद लागतील. जवळच्या केंद्रांनी भूकंप ओळखून संदेश पाठवण्यात दहा सेकंद गेले, असे धरले, तर पुण्याला सुमारे २५ आणि मंचरला ४० सेकंद उरतात. खुद्द कोयनानगरला काहीच मिळणार नाही. ज्यांना जास्त सेकंद मिळतात, त्यांना मुळात धोका कमी असतो, ही या तंत्राची मर्यादा आहे. मंचरच्या खालीच भूकंप झाला, तर मंचरलाही सेकंद मिळणार नाहीत.

तरीही लिफ्ट थांबवणे, गॅस बंद करणे, टेबलाखाली जाणे यांना काही सेकंद पुरतात. जपानमध्ये ही सेवा २००७ पासून सर्वांसाठी सुरू आहे. भारतात आयआयटी रुरकीच्या तंत्रावर आधारित मोबाइल ॲप २०२१ मध्ये उत्तराखंडात सुरू झाले, तर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवरही असे इशारे देण्याची सोय आली.

वेळ कळली तरी घर तेथेच राहणार

किल्लारीत माणसे मारली ती प्रामुख्याने घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे पहाटेच्या झोपेत अंगावर कोसळली. भिंतींना बांधून ठेवणारे पट्टे नव्हते. २००२ च्या भारतीय मानकाने पहिला विभाग रद्द केला. त्या नकाशात पुणे तिसऱ्या, तर कोयना चौथ्या विभागात दाखवले गेले. गावठाणातील दगड-मातीच्या जुन्या घरांना जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या वरच्या आणि छताच्या पातळीवर सलग पट्टा, कोपऱ्यांना आडवे सांधे आणि छतावरील मातीचा भार कमी करणे, हे उपाय सांगितले जातात. नव्या इमारतींत पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्याचे खांब पुरेसे मजबूत आहेत का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

आंबेगाव तालुक्याने वेगळ्या प्रकारची आपत्ती पाहिली आहे. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक जीव गेले. तो भूकंप नव्हता. दरडीचे कारण, म्हणजे पाऊस, डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो. धोक्याचा उतार आधी ओळखता येतो. भूकंपाच्या बाबतीत खडकावरील ताण अनेक किलोमीटर खाली असतो आणि तो थेट मोजण्याची सोय अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. तोपर्यंत "कधी" या प्रश्नाला शास्त्राकडे तारीख नाही. "कोठे" आणि "किती मोठा" यांची उत्तरे मात्र बऱ्याच अंशी आहेत. घर बांधताना वा दुरुस्त करताना तेवढी पुरेशी आहेत.

भाकिताचा संदेश आला तर
- ठिकाण, तीव्रता आणि कालावधी तिन्ही दिले आहेत का, ते पाहा. एकही नसेल, तर ते भाकीत नव्हे.
- नेमकी तारीख आणि तास सांगणारा संदेश पुढे पाठवू नका. अशी वेळ कोणतीही शासकीय संस्था जाहीर करत नाही.
- झालेल्या धक्क्याची अधिकृत माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून मिळते.
- धक्क्यांची मालिका सुरू असेल, तर भेगा पडलेल्या जुन्या घरात झोपणे टाळा. यासाठी भाकिताची गरज नाही.